वाचकांचे प्रश्न : विमानतळ चालवणारी माणसे

विमानतळाचे व्यवस्थापन आणि संचालन या क्षेत्रातील करिअरविषयी वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी सात पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. एकमेकांशी मिळतेजुळते प्रश्न एकत्र केले आहेत आणि पत्रलेखकांची नावे मुद्दाम वगळली आहेत. विमानतळाच्या संचालन विभागात मी अनेक वर्षे काम केले आणि त्यातला बराच काळ रात्रपाळीत गेला. त्यामुळे काही उत्तरांत माहितीबरोबर माझे मतही येईल. ते मत म्हणूनच वाचावे, ही विनंती.

प्रश्न : मी पदवीच्या शेवटच्या वर्षात आहे. मला विमानतळावर काम करायचे आहे, परंतु वैमानिक किंवा केबिन क्रू व्हायचे नाही. 'विमानतळ व्यवस्थापन' म्हणजे नेमके कोणते काम आणि तिथे नोकरी कोण देते?

उत्तर : आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते. प्रवाशाला विमानतळ ही एक इमारत दिसते आणि तिथे गणवेशात वावरणारा प्रत्येक जण एकाच संस्थेचा कर्मचारी असावा असे त्याला वाटते. प्रत्यक्षात चेक-इन काउंटरवरची व्यक्ती विमान कंपनीची किंवा त्या कंपनीने जमिनीवरच्या कामांसाठी नेमलेल्या ग्राउंड हँडलिंग कंपनीची असते, सामान तपासणारे सुरक्षा यंत्रणेचे असतात, पासपोर्टवर शिक्का मारणारे सरकारच्या इमिग्रेशन खात्याचे, टॉवरमधले नियंत्रक अनेक देशांत हवाई वाहतूक नियंत्रणाच्या स्वतंत्र संस्थेचे आणि इंधनाचा टँकर आणणारा इंधन कंपनीचा. विमानतळ चालवणाऱ्या संस्थेला या क्षेत्रात 'ऑपरेटर' म्हणतात आणि एवढ्या गर्दीत तिची स्वतःची माणसे थोडीच असतात. धावपट्टी, तिच्याकडे नेणारे रस्ते म्हणजे टॅक्सीवे, विमाने उभी राहतात ते पटांगण म्हणजे एप्रन आणि टर्मिनल वापरण्याजोगे ठेवणे आणि वेगवेगळ्या मालकांच्या या सगळ्या माणसांना एका घड्याळाला बांधून ठेवणे, हे तिचे काम. म्हणून 'विमानतळावर नोकरी' अशी जाहिरात वाचली की पगार कोण देणार आहे हे आधी विचारा, कारण आपल्याला कोणते प्रशिक्षण मिळेल आणि बढती कोणत्या दिशेने होईल हे त्यावरच ठरते.

आता काम कोणते, ते एका विमानाच्या उदाहरणाने सांगते. विमान एप्रनवरच्या आपल्या ठरलेल्या जागेवर, म्हणजे स्टँडवर, येऊन थांबते, इंजिने बंद होतात, पोटाखालचा लुकलुकणारा लाल दिवा विझतो आणि चाकांना चोक, म्हणजे अडकण, लागतात. त्याआधी कोणीही विमानाजवळ जायचे नसते. मग पंखांच्या टोकांशी आणि इंजिनांपुढे इशाऱ्याचे शंकू ठेवले जातात, जमिनीवरून वीज जोडली जाते, टर्मिनलला जोडणारा एरोब्रिज लागतो, प्रवासी उतरतात, खालच्या कप्प्यातून सामान निघते, सफाई होते, खाद्यपदार्थांची गाडी मागच्या दाराला लागते, इंधन भरले जाते, नवे सामान चढते, वजनाच्या वाटपाचा हिशेब मांडणारी लोडशीट वैमानिकाच्या हाती पडते आणि शेवटी पुशबॅकचा, म्हणजे विमान मागे ढकलणारा, ट्रॅक्टर नाकाशी येऊन उभा राहतो. आसनांच्या मधोमध एकच वाट असलेले विमान असेल तर हे सारे साधारण अर्ध्या ते पाऊण तासात उरकावे लागते. या वेळेत त्या विमानाभोवती पाच-सहा वेगवेगळ्या मालकांची माणसे काम करत असतात. त्यांतला एक जण दहा मिनिटे उशिरा आला तर पुढचे विमान टॅक्सीवेवर ताटकळते, त्याच्या मागचे आणखी मागे सरकते, आणि कंट्रोल रूममध्ये बसलेल्या संचालन अधिकाऱ्याला स्टँड बदलण्याचा निर्णय दोन मिनिटांत घ्यावा लागतो.

व्यवस्थापनाचा गाभा हाच आहे. ज्यांचा पगार आपण देत नाही आणि ज्यांची बढती आपल्या हातात नाही, त्यांच्याकडून वेळेत आणि सुरक्षितपणे काम करून घ्यायचे. त्यासाठी आता रीतसर पद्धतीही आल्या आहेत. विमान कंपनी, ग्राउंड हँडलर, नियंत्रक आणि ऑपरेटर या सर्वांनी विमान स्टँड सोडण्याची अपेक्षित वेळ एकाच पडद्यावर पाहायची आणि तिच्यात बदल झाला की लगेच नोंदवायचा, या पद्धतीला एअरपोर्ट कोलॅबोरेटिव्ह डिसिजन मेकिंग म्हणतात. युरोपात ती पूर्णपणे अमलात आणणारे पहिले विमानतळ म्युनिक, वर्ष 2007. ज्याला हा पडदा वाचता येतो आणि तो पाहून योग्य माणसाला योग्य वेळी फोन करता येतो, तो या क्षेत्रात टिकतो.

प्रश्न : एका संस्थेने विमानतळ व्यवस्थापनाच्या डिप्लोमानंतर 'शंभर टक्के नोकरी' असे आश्वासन दिले आहे. शुल्क बरेच मोठे आहे. प्रवेश घ्यावा का? या क्षेत्रासाठी नेमके कोणते शिक्षण लागते?

उत्तर : नोकरीची हमी देणाऱ्या संस्थेकडे माझा पहिला प्रश्न असा असेल की ही हमी कोणत्या मालकाच्या वतीने आपण देत आहात. उत्तर गुळमुळीत आले तर तिथेच थांबावे.

विमानतळावरील काही कामांना परवाना लागतो आणि काहींना लागत नाही, हे नीट समजून घ्या. संयुक्त राष्ट्रांशी संलग्न असलेली आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, म्हणजे आयकाओ, 1944 च्या शिकागो करारातून निर्माण झाली आणि तिची मानके त्या कराराच्या परिशिष्टांत मांडलेली असतात. पहिल्या परिशिष्टात वैमानिकांबरोबरच हवाई वाहतूक नियंत्रक आणि उड्डाणाचे नियोजन करणारे फ्लाइट डिस्पॅचर यांच्या परवान्याच्या अटी आहेत. दोघांनाही परवाना मिळण्याचे किमान वय 21 वर्षे आहे, नियंत्रकाला वैद्यकीय तपासणी आणि भाषाज्ञानाची ठरावीक पातळीही पार करावी लागते. विमानतळ व्यवस्थापकासाठी मात्र असा कोणताही आंतरराष्ट्रीय परवाना नाही. 'एअरपोर्ट मॅनेजर' होण्याचा परवाना देतो असे कोणी म्हणत असेल तर ते खरे नाही.

कोणत्याही शाखेचा पदवीधर या क्षेत्रात येऊ शकतो. धावपट्टीच्या पृष्ठभागासाठी स्थापत्य अभियंते लागतात, दिव्यांसाठी आणि सामानाच्या पट्ट्यांसाठी विद्युत व यांत्रिकी अभियंते लागतात, आणि प्रवाशांच्या रांगा किती वाढतील याचा अंदाज बांधायला संख्याशास्त्र जाणणारे लागतात. प्राणिशास्त्राच्या पदवीधरांना हे बहुधा ठाऊक नसते, पण पक्षी आणि वन्यजीव व्यवस्थापन हे विमानतळावरचे पूर्णवेळ काम आहे. 15 जानेवारी 2009 रोजी न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावरून उडालेल्या विमानाच्या दोन्ही इंजिनांत कॅनडा गीज हे मोठे पक्षी शिरले आणि वैमानिकाला ते हडसन नदीत उतरवावे लागले. 155 जण वाचले. पक्षी विमानतळाच्या कुंपणाबाहेर असले तरी त्यांचा अभ्यास कुंपणाच्या आत बसलेल्यांनाच करावा लागतो. गवत किती उंच ठेवायचे, पाणी कुठे साचू द्यायचे नाही, शेजारच्या कचराभूमीबद्दल कोणाशी बोलायचे, हे त्यांच्याच टेबलावर येते.

प्रमाणपत्रांविषयी माझे स्पष्ट मत आहे की ती पहिल्या नोकरीनंतर घ्यावीत. विमान कंपन्यांची जागतिक संघटना असलेली आयाटा आणि विमानतळांची जागतिक संघटना असलेली एसीआय यांचे अभ्यासक्रम चांगले आहेत. एसीआय आणि आयकाओ यांनी 2007 मध्ये मिळून सुरू केलेला विमानतळ व्यवस्थापनाचा व्यावसायिक कार्यक्रमही नावाजलेला आहे, परंतु तो आधीच व्यवस्थापनात असलेल्यांसाठी आहे. आपल्याला प्रवेश घ्यायचाच असेल तर संस्थेला तीन गोष्टी विचारा. शिकवणाऱ्यांपैकी किती जणांनी प्रत्यक्ष विमानतळावर पाळी केली आहे? विमानतळांच्या रचनेचे चौदावे परिशिष्ट आणि सुरक्षा व्यवस्थापनाचे एकोणिसावे परिशिष्ट अभ्यासक्रमात आहे का? आणि प्रशिक्षणासाठी विद्यार्थ्याला एप्रनवर नेले जाते की टर्मिनलच्या दारात प्रवाशांना दिशा दाखवायला उभे केले जाते? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर संस्थेकडून न घेता तिथल्या जुन्या विद्यार्थ्यांकडून घ्यावे.

प्रश्न : एअरसाइड ऑपरेशन्समध्ये निवड झाली आहे. तिथे दिवसभर काय करतात? काम धोक्याचे असते का?

उत्तर : आपले अभिनंदन. माझ्या दृष्टीने विमानतळाची खरी शाळा तीच आहे.

एअरसाइड म्हणजे सुरक्षा तपासणीच्या पलीकडचा, विमाने जिथे हालचाल करतात तो भाग. तिथला दिवस उजाडण्याआधी सुरू होतो. टॉवरची परवानगी घेऊन गाडी धावपट्टीवर न्यायची, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचे आणि वाटेत पृष्ठभागाला पडलेले तडे, उखडलेले रबर, विझलेले दिवे, मेलेले पक्षी आणि पडलेली वस्तू शोधायची. धावपट्टीवरच्या खुणा पांढऱ्या असतात, टॅक्सीवेवरच्या पिवळ्या. टॅक्सीवेच्या कडेचे दिवे निळे आणि मध्यरेषेचे हिरवे. पहिल्या आठवड्यात हे रंग नुसते पाठ असतात. पहाटेच्या पावसात काच पुसत गाडी चालवताना ते इतके अंगवळणी पडायला हवेत की हिरव्या रेषेऐवजी समोर पांढरी दिसताच पाय ब्रेकवर जावा.

पडलेल्या वस्तूंना या क्षेत्रात एफओडी म्हणतात. 25 जुलै 2000 रोजी पॅरिसच्या शार्ल द गॉल विमानतळावर, काही मिनिटे आधी उडालेल्या दुसऱ्या विमानातून सुमारे 43 सेंटीमीटर लांबीची धातूची पट्टी धावपट्टीवर पडली. तिच्यावरून गेलेल्या काँकॉर्ड या प्रवासी विमानाचा टायर फुटला, त्याचे तुकडे पंखातील इंधनाच्या टाकीवर आदळले आणि विमान पेट घेऊन कोसळले. 113 जणांचा मृत्यू झाला. आपण पहाटे जी तपासणी कराल तिचे वजन किती आहे ते यावरून कळावे.

माझा स्वतःचा एक अनुभव सांगते. नोकरीच्या तिसऱ्या महिन्यात, पाळी संपत आली असताना, एका रिकाम्या स्टँडची तपासणी मी गाडीतून न उतरताच केली आणि वहीत 'स्वच्छ' असे लिहिले. सकाळी माझ्या जागी आलेल्या सहकाऱ्याला त्याच स्टँडवर सूटकेसचे तुटलेले चाक आणि एक छोटे कुलूप सापडले, आणि दोन्ही वस्तू विमानाचे इंजिन जिथे येते त्या जागेच्या जवळ होत्या. विमान यायला अजून अवकाश असल्यामुळे काही घडले नाही. माझ्या वरिष्ठांनी मला रागावून काही म्हटले नाही. त्यांनी मला परत बोलावले, ते चाक माझ्या हातावर ठेवले आणि तो स्टँड माझ्याबरोबर एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत पायी चालले. त्या दिवसानंतर खाली उतरल्याशिवाय मी कोणत्याही स्टँडची नोंद केली नाही.

धोक्याबद्दल विचारले आहे. चालू इंजिनाची ओढ, जेटचा झोत, रात्री वळणाऱ्या सामानगाड्या आणि कानांना होणारी इजा हे धोके खरे आहेत. नियम पाळून काम केले तर ते आटोक्यात राहतात. याहून मोठा धोका आपण हरवण्याचा आहे. मिलानच्या लिनाते विमानतळावर 8 ऑक्टोबर 2001 रोजी दाट धुक्यात एक छोटे विमान चुकीच्या टॅक्सीवेने थेट धावपट्टीवर पोहोचले आणि उड्डाण करणाऱ्या प्रवासी विमानाशी त्याची टक्कर झाली. 118 जण मरण पावले. तिथला जमिनीवरील हालचाली दाखवणारा रडार बंद होता आणि खुणा व फलक मानकांप्रमाणे नव्हते. खुणा आणि फलक सुस्थितीत ठेवणे हे एअरसाइड ऑपरेशन्सचेच काम आहे. एखादा पुसट झालेला बाण दिसला की 'कोणीतरी कळवले असेल' असे समजू नका. आपणच कळवा आणि तो रंगवला जाईपर्यंत पाठपुरावा करा.

पावसाळी किंवा बर्फाळ हवामानात धावपट्टीच्या स्थितीचा अहवाल देणे हेही आपल्याकडे येईल. 4 नोव्हेंबर 2021 पासून आयकाओने त्यासाठी जगभर एकच पद्धत लागू केली. धावपट्टीचे तीन भाग करून प्रत्येक भागाला 6 ते 0 असा अंक द्यायचा. 6 म्हणजे कोरडी. तो अंक ऐकून वैमानिक विमान थांबायला किती अंतर लागेल याचा हिशेब करतो. अंदाजाने अंक देणारा माणूस या जागेवर नको.

प्रश्न : मी सहा वर्षे चेक-इन आणि बोर्डिंग गेटवर काम करते आहे. पुढे टर्मिनल ड्युटी मॅनेजर व्हायचे आहे. पण माझ्या कामाला कोणी 'संचालनाचा अनुभव' मानत नाही. काय करावे?

उत्तर : आपला अनुभव संचालनाचाच आहे, परंतु तो एका बाजूचा आहे. गेटवर उभे राहून आपण विमान उशिरा होण्याचे परिणाम सहन करता. त्याची कारणे मात्र खाली एप्रनवर आणि मागे सामानाच्या पट्ट्यांवर घडत असतात. तिथे काही महिने काम करण्याची संधी मागून घ्या. लोड कंट्रोल सर्वांत उत्तम, कारण प्रवासी, सामान, माल आणि इंधन यांचा हिशेब तिथे एका कागदावर येतो. ते शक्य नसेल तर रॅम्प समन्वयकाचे, म्हणजे एप्रनवर विमानाभोवतीच्या कामांचा मेळ घालण्याचे, काम घ्या. त्यानंतर विमानतळाच्या ऑपरेशन्स कंट्रोल सेंटरमधील जागेसाठी अर्ज करा.

दुसरे म्हणजे, बिघाडाच्या दिवसांची स्वतःची वही ठेवा. 19 जुलै 2024 रोजी सुरक्षा सॉफ्टवेअरच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातील संगणक बंद पडले आणि कित्येक विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहावे लागले. अशा दिवशी आपण रांग कशी वळवली, कोणाला आधी पुढे सोडले, कनेक्टिंग विमान असलेल्यांची यादी कशी केली, काय चुकले, हे त्याच रात्री लिहून ठेवा. ड्युटी मॅनेजरच्या मुलाखतीत पदव्यांपेक्षा अशाच प्रसंगांविषयी विचारले जाते.

तिसरी सूचना मी अगदी आग्रहाने करीन. आपल्या विमानतळावर नवे टर्मिनल किंवा नवी सामान यंत्रणा येत असेल तर तिच्या पूर्वचाचण्यांत स्वतःहून नाव द्या. या कामाला ओरॅट म्हणतात आणि त्यातून व्यवस्थापक घडतात. लंडनच्या हीथ्रो विमानतळाचे पाचवे टर्मिनल 27 मार्च 2008 रोजी सुरू झाले तेव्हा कर्मचाऱ्यांना गाड्या लावायला जागा सापडेना, ते स्वतःच सुरक्षा तपासणीत अडकले, नव्या यंत्रणेची पुरेशी ओळख झालेली नव्हती. सामान साचत गेले आणि पहिल्या काही दिवसांत शेकडो उड्डाणे रद्द झाली. इमारत तयार होती, माणसे तयार नव्हती. डेन्व्हरचा नवा विमानतळ स्वयंचलित सामान यंत्रणेपायी रखडला आणि सोळा महिने उशिरा, फेब्रुवारी 1995 मध्ये उघडला. याउलट एप्रिल 2019 मध्ये इस्तंबूलने जुन्या विमानतळाचा संसार नव्या जागी हलवायला 45 तासांची मुदत आखली आणि त्या मुदतीत तो हलवून दाखवला. पूर्वचाचणीत शेकडो स्वयंसेवक प्रवाशांची भूमिका करतात, खोटे सामान पट्ट्यांवर सोडले जाते, मुद्दाम वीज घालवली जाते. सहा वर्षे खऱ्या प्रवाशांना सामोरी गेलेली व्यक्ती त्या चाचणीत जे दोष दाखवू शकते ते इमारतीच्या नकाशांवर काम केलेल्यांना दिसत नाहीत. वरिष्ठांच्या नजरेत येण्याची याहून चांगली जागा मला माहीत नाही.

प्रश्न : आमच्या मुलीला विमानतळावर नोकरी करायची आहे. रात्रपाळी, सणासुदीला सुट्टी नाही, असे ऐकतो. पालक म्हणून काळजी वाटते.

उत्तर : आपण ऐकले ते खरे आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. अनेक मोठे विमानतळ चोवीस तास चालतात, आणि लोक ज्या दिवसांत घरी जातात तेच दिवस तिथे सर्वांत गर्दीचे असतात. पाळी दर काही दिवसांनी बदलते, झोप मोडते, आणि सलग रात्रपाळ्यांनंतर लक्ष कमी होते. थकवा हा सुरक्षेचा प्रश्न आहे हे आता सर्वत्र मान्य झाले आहे. मुलीने नोकरी स्वीकारण्यापूर्वी पाळ्यांचे वेळापत्रक किती आठवडे आधी मिळते, दोन पाळ्यांमध्ये किमान किती तास विश्रांती असते आणि रात्री घरी पोहोचवण्याची सोय कोण करते, हे लेखी विचारून घ्यावे. हे विचारण्यात संकोच वाटण्याचे काही कारण नाही.

एक व्यावहारिक बाब. एअरसाइडच्या प्रवेशपत्रासाठी पार्श्वभूमी तपासली जाते आणि तिला वेळ लागतो, म्हणून शिक्षण व आधीच्या नोकऱ्यांची कागदपत्रे तारखांसह नीट लावून ठेवावीत. एअरसाइडला गाडी चालवायची असेल तर रंग ओळखण्याची क्षमता तपासली जाऊ शकते. ती तपासणी आधीच करून घेतलेली बरी.

राहिली काळजी. रात्रपाळी सर्वांना मानवत नाही, आणि ती न मानवणे हा कमीपणा नाही. पहिल्या वर्षानंतर मुलगी स्वतःच सांगेल. नियोजन, वाणिज्य, पर्यावरण, प्रशिक्षण असे दिवसा चालणारे विभागही विमानतळावर आहेत, आणि पाळी केलेल्या माणसाला त्या विभागांत वेगळा मान असतो.

प्रश्न : माझे वय अडतीस आहे. कारखान्यात देखभाल विभाग सांभाळतो. माझ्या मित्राने वित्त क्षेत्रात पंधरा वर्षे काढली आहेत. आम्हा दोघांना या क्षेत्रात यायला उशीर झाला आहे का? आणि यंत्रे आल्यावर या नोकऱ्या राहतील का?

उत्तर : आपल्यासाठी मुळीच उशीर झालेला नाही. सामान वाहून नेणाऱ्या पट्ट्या, एरोब्रिज, धावपट्टीचे दिवे, राखीव वीजपुरवठा हे सारे देखभालीचे काम आहे, आणि चालू यंत्रणा बंद न करता दुरुस्ती कशी करायची हे ज्याला कारखान्याने शिकवले त्याला विमानतळ लवकर समजतो. फरक एवढाच की इथे दुरुस्तीची वेळ आपण ठरवत नाही. दोन विमानांमधल्या मोकळ्या अवधीत काम करायचे आणि टॉवरने सांगितले की अवजारांसह, एकही पाना मागे न ठेवता, धावपट्टी सोडायची.

आपल्या मित्राने विमानतळाच्या उत्पन्नाचा अभ्यास करावा. एक भाग विमान उतरवण्याच्या, पार्किंगच्या आणि प्रवासी शुल्कातून येतो, दुसरा दुकाने, वाहनतळ आणि जागांच्या भाड्यांतून. गर्दीच्या विमानतळांवर याला जोडूनच स्लॉट समन्वयाचे, म्हणजे विमानांना उतरण्या-उडण्याच्या वेळा वाटून देण्याचे, काम चालते. तिथे वर्षाचे दोन हंगाम मानतात, मार्चच्या शेवटच्या रविवारपासून उन्हाळी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून हिवाळी. आणि ज्या विमान कंपनीने मिळालेल्या स्लॉटच्या मालिकेपैकी किमान 80 टक्के वापरले तिला पुढच्या तशाच हंगामात त्या मालिकेवर हक्क राहतो. आकड्यांत रमणाऱ्या माणसाला हे काम आवडेल.

यंत्रांविषयी सांगायचे तर काउंटरवरची कामे कमी होत आहेत हे उघड आहे. प्रवासी स्वतः चेक-इन करतात, स्वतः सामान पट्ट्यावर ठेवतात, चेहरा पाहून दार उघडते. टॉवरही दूर जाऊ लागले आहेत. स्वीडनमधील अर्नशोल्ड्सविक विमानतळाचे नियंत्रण 2015 पासून सुंड्सवॉल येथील केंद्रातून कॅमेऱ्यांच्या साहाय्याने होते, आणि लंडन सिटी विमानतळाने 2021 मध्ये तीच वाट धरली. पण कामाचा जो भाग अनपेक्षित प्रसंगांचा आहे तो माणसांकडेच राहिला आहे. अग्निशमन दलाचे उदाहरण घ्या. धावपट्टीवर कोणत्याही ठिकाणी तीन मिनिटांच्या आत, शक्य तर दोन मिनिटांत पोहोचावे, असे आयकाओचे मानक आहे. केबिन क्रूचेही तसेच. टोकियोच्या हानेदा विमानतळावर 2 जानेवारी 2024 रोजी नुकतेच उतरलेले प्रवासी विमान तटरक्षक दलाच्या विमानावर आदळून पेटले. तटरक्षक दलाच्या विमानातील सहापैकी पाच जण दगावले, पण जळत्या प्रवासी विमानातील सर्व 379 माणसे केबिन क्रूच्या प्रशिक्षणामुळे बाहेर पडली. माझे मत विचाराल तर येत्या काळात नुसते काउंटर जाणणाऱ्यापेक्षा यंत्रणा जाणणाऱ्याला आणि ती बंद पडल्यावर हाताने काम चालवू शकणाऱ्याला अधिक मागणी राहील.

प्रश्न : संचालन अधिकारी पदाच्या मुलाखतीत काय विचारतात?

उत्तर : बहुधा एक प्रसंग देतात. उदाहरणार्थ, शेजारचा विमानतळ अचानक बंद झाला आहे, सहा विमाने आपल्याकडे वळवली आहेत, स्टँड तीनच मोकळे आहेत, धुके उतरू लागले आहे आणि एका विमानात आजारी प्रवासी आहे. आपण काय कराल?

असा प्रसंग काल्पनिक वाटला तर 27 मार्च 1977 आठवावा. स्पेनच्या ग्रान कॅनारिया बेटावरच्या विमानतळावर बॉम्बस्फोट झाला म्हणून विमाने तेनेरीफ बेटावरच्या लोस रोदेओस या छोट्या विमानतळाकडे वळवण्यात आली. एप्रन भरला, विमाने टॅक्सीवेवरच उभी करावी लागली, त्यामुळे निघणाऱ्या विमानांना धावपट्टीवरूनच मागे जाण्याखेरीज वाट उरली नाही. धुके आले, रेडिओवरचे बोलणे नीट कळले नाही, एका विमानाने परवानगीविना उड्डाण सुरू केले, आणि दोन बोइंग 747 एकमेकांवर आदळली. 583 जण मरण पावले. या अपघाताची चर्चा नेहमी वैमानिक आणि नियंत्रक यांच्या संभाषणाभोवती फिरते आणि ते योग्यच आहे. पण संचालनात काम करणाऱ्याने त्यातली भरलेल्या एप्रनची बाजूही तितक्याच बारकाईने वाचावी.

मुलाखतीत एकच अचूक उत्तर अपेक्षित नसते. आपण कोणता प्रश्न आधी विचारता, कोणाला कळवता आणि काय मोकळे राखता, हे पाहिले जाते. बाहेर पडण्याचा टॅक्सीवे कोणत्याही परिस्थितीत अडवणार नाही, तीनपेक्षा जास्त विमाने घेता येणार नाहीत हे नियंत्रकांना आत्ताच कळवीन, आजारी प्रवाशाच्या विमानाला रुग्णवाहिका जिथे लवकर पोहोचते तो स्टँड देईन, असे क्रमाने सांगता आले तर पुरे. माहीत नसलेले बनवून सांगू नका. 'हे मी अग्निशमन प्रमुखांना विचारीन' हे चांगले उत्तर आहे.

मी मुलाखती घेत असे तेव्हा एका उमेदवाराने हा प्रसंग ऐकताच आधी कागद मागितला. डाव्या बाजूला वेळ, मध्ये कोणाशी बोलणे झाले, उजवीकडे काय ठरले, असे तीन रकाने त्याने आखले आणि मग बोलायला सुरुवात केली. कंट्रोल रूममधली नोंदवही तशीच असते. तिच्यातली वेळ अनेक ठिकाणी स्थानिक घड्याळाची नसून यूटीसीची, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेची, असते, एवढे तेवढे लक्षात ठेवावे.